ग्रीस बाहेर गेलंय, इटली देऊ का? : सफरी प्रेमकादंबऱ्यांच्या एका कपाटाचे परीक्षण

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला, चालत जाण्याजोग्या अंतरावर असलेल्या एका खासगी वाचनालयाने इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांसाठी स्वतंत्र कपाट केले असून त्यातील पुस्तके लेखिकांच्या आडनावांनुसार न लावता कथा जिथे घडते त्या देशानुसार लावली आहेत. वरच्या खणात ग्रीस आणि इटली, त्याखाली फ्रान्स व स्पेन, मग इंग्लंडचे कॉर्नवॉल आणि स्कॉटलंडची बेटे, आणि वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा तळाच्या खणात बाली, हवाई व ‘इतर’. ग्रंथालयशास्त्राला ही मांडणी मानवणार नाही, पण सभासद ज्या पद्धतीने पुस्तक मागतात तिला ती अचूक धरून आहे. काउंटरवरच्या काकू ‘ताई, ग्रीस बाहेर गेलंय, इटली देऊ का?’ असे विचारतात, तेव्हा लेखिकेचे नाव त्याही घेत नाहीत आणि आपणही विचारत नाही. त्यामुळे एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करण्यापेक्षा या साऱ्या कपाटाचेच करणे योग्य ठरेल.

पुस्तके निरनिराळ्या हातांची असली तरी बाहेरून ती सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. मुखपृष्ठावर छायाचित्र नसते. सपाट रंगांतला निळा समुद्र, पांढऱ्या भिंती, एखादी स्कूटर किंवा लिंबाची फांदी आणि एकमेकांकडे मुद्दाम न पाहणारे दोघे जण असतात. मलपृष्ठावरच्या मजकुरात आधी नायिकेचे काहीतरी बिनसते (नोकरी गेली, साखरपुडा मोडला, किंवा आजी वारली आणि मृत्युपत्रात बेटावरचे एक पडके घर निघाले), लगेच विमान उतरते, आणि पुढच्याच वाक्यात कपाळाला आठ्या असलेला, पण सुतारकामात किंवा स्वयंपाकात हात बसलेला एक पुरुष भेटतो. शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक असते, आणि तो तसा झाला नाही तर पुस्तक परत करताना तक्रार येईल. हा दोष मानण्याचे कारण नाही. खुनी सापडणार हे माहीत असूनही आपण रहस्यकथा वाचतोच, तसाच हा लेखक-वाचकांमधला उघड करार आहे.

परदेशी नेऊन प्रेमात पाडण्याची ही रीत जुनी आहे. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या मिल्स अँड बून या संस्थेने आरंभी सर्व तऱ्हेची पुस्तके काढली आणि १९३० च्या दशकात प्रेमकथांवर भर दिला. १९७१ मध्ये ती कॅनडाच्या हार्लेक्विनकडे गेली आणि २०१४ पासून दोन्ही नावे हार्परकॉलिन्सकडे आहेत. त्यांची ती पातळ पुस्तके आपल्याकडे एका पिढीने अभ्यासाच्या वहीत दडवून वाचली. त्या पुस्तकांत परदेश हा बहुधा नायकाच्या श्रीमंतीचा भाग असे. बेट त्याचे, बोट त्याची, आणि नायिका त्याच्या बोलावण्यावरून आलेली. या कपाटातल्या नायकांकडे मात्र थकलेले कर्ज आणि गळके छप्पर यांपलीकडे फारसे काही नाही. जागा नायिका स्वतः निवडते, तिकीट स्वतःच्या पैशाने काढते, आणि तो भेटला नसता तरी ती तिथे गेलीच असती असे वाटावे इतके त्या जागेचे वजन वाढले आहे. हा बदल मला चांगला वाटतो.

मी आणलेल्या एका प्रतीत, नायिका साहेबांना ईमेल पाठवून सबंध उन्हाळा बेटावर काढायचे ठरवते त्या पानाच्या समासात, आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून ठेवले होते : ‘हिला रजा कोण देतं?’ वाचनालयाच्या पुस्तकांवर लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, पण ही ओळ खोडण्याचे धाडस झाले नाही, कारण या साहित्यप्रकाराचे इतके नेमके परीक्षण मी अन्यत्र वाचलेले नाही. प्रेम ठाण्यात राहूनही जमते. तलावपाळीवर संध्याकाळी चक्कर मारली तरी त्याची खात्री पटेल. जमत नाही ती सलग दहा-बारा आठवड्यांची रजा. नोकरी करणाऱ्या बाईची अर्जित रजा गणपतीत, मुलांच्या परीक्षेत आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूत तुकड्या-तुकड्यांनी संपते, आणि उरली तर ती पुढच्या वर्षीच्या काळजीपोटी शिल्लक ठेवली जाते. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीच्या महिला डब्यात, ऐरोली आणि रबाळे येईपर्यंत उभ्याने ही पुस्तके वाचणाऱ्या बायका चुंबनाच्या प्रसंगापेक्षा दुपारच्या जेवणाच्या प्रसंगावर अधिक रेंगाळत असाव्यात असा माझा कयास आहे, कारण त्या जेवणाला तीन तास लागतात, मध्ये कुणाचा फोन येत नाही आणि ताटे कोण विसळणार हा प्रश्न निघत नाही.

म्हणून या कपाटातले बरे पुस्तक ओळखायची माझी पहिली कसोटी अशी की, त्या रजेचा हिशेब लेखिकेने दिला आहे का. ज्या कादंबरीत नायिका खानावळीच्या मोरीत भांडी घासून खोलीचे भाडे फेडते, मागे सोडलेल्या घराचा हप्ता तिला रात्री जागवतो आणि आईचा फोन घ्यायला ती अंगणातल्या एकाच ठिकाणी, रेंज मिळते तिथे जाऊन उभी राहते, त्या कादंबरीतली सुटी खरी वाटते आणि म्हणून वाचकालाही लागू पडते. वारसाहक्काने सगळे प्रश्न सुटलेल्या नायिकेची सुटी वाचताना मला आपण दुसऱ्याच्या लग्नाचा व्हिडिओ पाहत आहोत असे वाटत राहते.

व्हिसाची बाब यालाच जोडून येते. शेंगेन, म्हणजे सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, हा नियम ब्रिटिश नागरिकांनाही लागू आहे. या कपाटातल्या नायिका बहुतांशी ब्रिटिश आहेत. ग्रीसमध्ये घर वारशाने मिळाले म्हणून तिथे कायमचे राहता येत नाही; त्यासाठी वेगळा परवाना लागतो. वास्तविक नव्वदावा दिवस ही कथाकाराला आयती मिळालेली मुदत आहे, आणि एका कादंबरीने तिचा झकास उपयोगही केला आहे. तिथे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नायक न बोलता रोज एक फुली मारतो. बाकीच्या पुस्तकांत मात्र जून ते ख्रिसमस हा काळ कुणी पासपोर्ट न उघडता निघून जातो. ज्यांनी बँकेची विवरणपत्रे, कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणि जून २०२४ पासून ९० युरो झालेले शुल्क हे सारे गोळा करून फाइल भरली आहे, त्यांना ही पाने चटकन खटकतात.

दुसरी कसोटी जागेची. कथा उचलून महाबळेश्वरला नेली, द्राक्षांच्या जागी स्ट्रॉबेरी ठेवल्या, आणि तरीही काही बिघडले नाही, तर ते बेट नुसता देखावा होता असे समजावे.

ग्रीसच्या खणात सँटोरिनीचीच गर्दी आहे आणि ही कसोटी तिथेच सर्वाधिक कठोरपणे लावावी लागते. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक होऊन या बेटाचा मध्यभाग समुद्रात खचला आणि उरलेल्या उभ्या कड्यांच्या काठावर आज फिरा, इया ही गावे बसली आहेत. जुन्या धक्क्यावरून फिराला चढायचे तर जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. नाहीतर खेचर किंवा केबल कार. बेटावर नद्या नाहीत, पाऊस बेताचा, आणि पिण्या-वापरण्याचे पाणी बव्हंशी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते. कायमची वस्ती सुमारे १५,००० माणसांची, आणि पर्यटनजहाजांतून एका दिवसात उतरणाऱ्यांची संख्या ८,००० वर रोखण्याची वेळ तिथल्या प्रशासनावर आली आहे. २०२५ च्या आरंभी भूकंपाचे धक्के सलग बसू लागले तेव्हा हजारो लोक बेट सोडून गेले. आता या बेटावर, जुलै महिन्यात, इयाच्या सूर्यास्ताला एकटी उभी असलेली नायिका दाखवायची म्हणजे गणेशोत्सवात लालबागला रिकामी गल्ली दाखवण्यासारखे आहे, पण ते बहुतेक पुस्तकांनी निःसंकोच केले आहे.

याच खणातल्या एका कादंबरीने मात्र द्राक्षमळ्याची जी वीस-बावीस पाने दिली आहेत ती पुन्हा वाचावीत अशी आहेत. सँटोरिनीत द्राक्षवेल मांडवावर चढवीत नाहीत. तो जमिनीलगत गोल गोल वळवून त्याची टोपली करतात, म्हणजे घड आत राहून वाऱ्यापासून आणि उन्हापासून वाचतात, आणि समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचा ओलावाही वेलाला मिळतो. नायिकेला हे काम शिकवले जाते. तिची पहिली टोपली उलट्या अंगाने वळते, म्हातारी मळेवाली काही न बोलता ती सोडवते आणि वेलाचे टोक पुन्हा तिच्याच हातात देते. पुढे उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा मेल्टेमी वारा सुटतो, बोटी अडकतात, शहरातून येणारा पूर्वीचा प्रियकर दोन दिवस उशिरा पोहोचतो, आणि त्या दोन दिवसांत जे व्हायचे ते होते. वारा काढला तर ही गोष्ट उभीच राहत नाही. जागेने कथेत काम करणे म्हणतात ते हेच.

इटलीच्या पुस्तकांत अमाल्फी किनाऱ्याचा भरणा आहे आणि त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९९७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या किनाऱ्यावर एकच अरुंद, वळणावळणांचा रस्ता आहे, आणि २०२२ पासून गर्दीच्या हंगामात तिथे गाड्यांना क्रमांकाच्या सम-विषम अंकानुसार दिवसाआड प्रवेश मिळतो. आमचे नायक मात्र उघड्या टपाच्या गाडीतून एका हाताने चाक फिरवीत रोज पोझितानोला जातात. चेस्टनटच्या खांबांवर आच्छादन घालून जपलेल्या, डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांवरच्या लिंबाच्या बागा आणि तिथून ओझी खांद्यावर उतरवणारी माणसे हा कादंबरीचा खरा ऐवज होता. पुस्तकांनी त्यातले फक्त सरबत घेतले.

स्पेनच्या खणाबाबत एवढेच म्हणता येईल की बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या आणि पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याचे त्या शहराने ठरवले आहे, याची चाहूल अशा सदनिकांत राहून प्रेमात पडणाऱ्या एकाही नायिकेला लागलेली नाही.

सर्वांत सरस खण कॉर्नवॉल आणि स्कॉटलंडचा आहे, आणि त्याचे कारण बहुधा तिथले हवामान असावे. पावसाळी, वाऱ्याच्या जागी देखाव्यावर भागत नाही. लेखिकेला बोटीचे वेळापत्रक, ओले जळण आणि बंद पडलेला बॉयलर यांचा विचार करावाच लागतो. वादळाने बोट रद्द झाली की बेटावर दूध नाही, डॉक्टर नाही आणि रुसून निघून जाण्याची सोयही नाही, त्यामुळे भांडण झालेल्या दोघांना त्याच दुकानात रांगेत उभे राहावे लागते. कॉर्नवॉलमध्ये सेंट मायकल्स माउंटला जाणारी दगडी वाट ओहोटीलाच उघडी पडते; अशीच एक वाट असलेले काल्पनिक गाव घेऊन एका कादंबरीने प्रत्येक भेटीला भरतीचे बंधन घातले आहे आणि ते शेवटपर्यंत पाळले आहे. किनाऱ्यावरची घरे सुटीपुरते येणाऱ्यांनी विकत घेतल्यामुळे स्थानिक तरुणांना घर परवडत नाही, हा प्रश्नही इथे टाळलेला नाही. सेंट आइव्हज गावाने २०१६ साली सार्वमत घेऊन नव्या घरांवर कायम वास्तव्याची अट घातली, त्यामागचा कडवटपणा या कथांतल्या दुय्यम पात्रांच्या बोलण्यात उतरलेला आहे.

मराठी वाचकाला पलायनवादी साहित्य म्हटले की कला कलेसाठी की जीवनासाठी हा फडके-खांडेकर वाद आठवतो आणि उगाच अपराधी वाटू लागते. तसे वाटून घेण्याचे कारण नाही, पण आपल्याकडे या पद्धतीचे कुणी लिहीत का नाही याची खंत जरूर वाटावी. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, २०२२ मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, आणि ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात. बोट चालवणारा, पक्ष्यांची मोजणी करायला आलेली मुलगी आणि रोज सरकणारी वेळ एवढ्या भांडवलावर एखादी चांगली कादंबरी सहज उभी राहील, आणि तिच्या नायिकेला रजाही थोडीच लागेल.

वाचनालयाच्या सेवेबद्दल थोडे. पुस्तकांना प्लास्टिकची वेष्टणे नीट घातलेली आहेत, मुदतवाढ फोनवर मिळते आणि काकूंची शिफारस सहसा चुकत नाही. तुमची शेवटची दोन पुस्तके त्या लक्षात ठेवतात. मात्र जास्त फिरलेल्या प्रतींची शिवण सुटली आहे, एका पुस्तकातला बेटाचा नकाशा कुणीतरी फाडून नेला आहे, आणि एकाच लेखिकेची पुस्तके तीन देशांत विखुरल्यामुळे क्रमाने वाचू इच्छिणाऱ्यांची पंचाईत होते. नव्या प्रतीला दुकानात साधारण चारशे ते सहाशे रुपये पडतात, आणि एकदा वाचून संपणाऱ्या पुस्तकांसाठी ते फार आहेत, वर्गणीच परवडते. द्राक्षमळ्याची ती कादंबरी आणि भरतीच्या वाटेची, एवढी दोन पुस्तके मी विकत घेतली. तळाचा खण पाहायचा असेल तर दुपारी जावे, कारण संध्याकाळी कार्यालये सुटल्यावर त्या बोळात वाकून बसायला जागा मिळत नाही.