उत्तर तरली, दक्षिण बुडाली; भाव खानदेशात चढला

अमेरिकेच्या यादवीत (1861-65) कापूस दक्षिणेकडे, कारखाने अन् रेल्वे उत्तरेकडे. उत्तरेचा अध्यक्ष लिंकन, त्यानं दक्षिणेची बंदरं अडवली. दक्षिणेनंही आधी गाठी मुद्दाम दाबून ठेवल्या, कापसावाचून अडलेलं इंग्लंड झुकेल म्हणून! (भाव वाढेल म्हणून आपणही घरात कापूस थापून ठेवतो, तसंच.) मग नुसत्या नोटा छापल्या, महागाई नव्वदपटीच्या आसपास गेली.

उत्तरेनंही नोटा छापल्या, पण जोडीला कर लावले, रोखे विकले. भाव दुपटीच्या आत राहिले. 1862 मध्ये, ऐन लढाईत, पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत रेल्वे नेण्याचा कायदाही केला.

दक्षिणेचा कापूस अडला नि खानदेशातल्या आखूड धाग्याच्या कापसालाही इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरण्यांचं गिऱ्हाईक मिळालं. 1865 ला युद्ध थांबलं, भाव धाडकन कोसळला. सावकाराचं व्याज मात्र तसंच.