हलत्या सिम्युलेटरच्या सांगाड्यासाठी 18 मिमी मरीन प्लायवूड: आठ महिन्यांचा अनुभव

मोटारशर्यतीच्या सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर गाडी चालवल्याचा अनुभव देणाऱ्या यंत्रासाठी, पुढे-मागे झुकणारा आणि डावी-उजवीकडे कलणारा आसनाचा सांगाडा घरीच करायचे ठरवले, तेव्हा अनेकांनी लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड करून घ्या असे सुचवले. माझ्याकडे वेल्डिंगची सोय नव्हती, सुतारकामाची हत्यारे मात्र होती. म्हणून आयएस 710 (मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) शिक्क्याचे, आठ बाय चार फुटांचे मरीन प्लायवूड घेतले. खाली चौकट, तिच्यावर मोटारीच्या प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट (सर्व बाजूंना झुकू शकणारा सांधा), त्यावर आसनाची फळी आणि फळीला मागून ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या, आर्डुइनोवर (छोट्या नियंत्रक सर्किट बोर्डवर) चालणाऱ्या दोन वायपर मोटारी, अशी रचना आहे.

दोन थर चिकटवून 36 मिमी केलेली चौकट आजवर तसूभरही वाकलेली नाही. वायपर मोटार फिरण्याची दिशा बदलते तेव्हाचा हादरा लाकूड बराचसा पचवते, त्यामुळे रात्रीही सिम्युलेटर चालवता येतो. लाकूड म्हणजे तडजोड, असे मला वाटत नाही. एडविन लिंक यांनी 1929 मध्ये तयार केलेला वैमानिक प्रशिक्षणाचा सिम्युलेटरही लाकडी धडाचाच होता आणि ऑर्गनच्या भात्यांवर हलत असे.

प्लायवूडची खरी कमजोरी त्याच्या कडेत आहे. तिसऱ्या आठवड्यात ब्रेक दाबला की मागून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. वाकून पाहिले, तर मोटारीच्या बैठकीचे कडेत मारलेले स्क्रू सैल होऊन भोकाखाली बारीक भुसा साचला होता. कडेत स्क्रू थरांच्या मधे शिरतो आणि सततच्या उलटसुलट ओढीने थर फाकतात. आता तेथे लोखंडी अँगल लावून फळीच्या आरपार 8 मिमीचे नटबोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घालून, आवळले आहेत. त्यानंतर आवाज आलेला नाही.

लाकडाचा मोठा फायदा जॉइंटची उंची ठरवताना कळला. माणूस आणि आसन मिळून 85 किलो वजन असेल आणि त्याचा गुरुत्वमध्य जॉइंटच्या 20 सेंटिमीटर वर असेल, तर 10 अंश कलताच केवळ वजन तोलण्यासाठी सुमारे 29 न्यूटन-मीटर बल-आघूर्ण (फिरवण्याचा जोर, टॉर्क) लागते. गुरुत्वमध्य जॉइंटच्या जितका जवळ, तितका मोटारींवरचा भार कमी. जॉइंटखाली प्लायवूडचे तुकडे एकेक वाढवून मी योग्य उंची गाठली. लोखंडात हेच करायला प्रत्येक वेळी कापणे आणि पुन्हा वेल्ड करणे आले असते.

तक्रार दुकानाबद्दल आहे. दुसरी शीट मी घरी कापली, तेव्हा आतल्या थरात बोट जाईल एवढी पोकळी निघाली आणि कापलेला माल बदलून देण्यास दुकानदारांनी नकार दिला. या सांगाड्यात अशी पोकळी बोल्टखाली आली, तर फळी तेथेच दबते. म्हणून शिक्का पाहून न थांबता चारही कडा उजेडात पाहाव्यात, फळीवर बोटाने ठोकत जावे, आणि शक्य असल्यास मोटारींच्या बैठकीचे तुकडे दुकानातच, आपल्या डोळ्यांसमोर कापून घ्यावेत.