आठवणीसाठी रंकाळ्याची फेरी की शब्दकोडं?

मामीनं परवा दूध गॅसवर ठेवलं आणि विसरली. पातेल्याचा तळ काळा. घाबरून विचारलं, "कोडी सोडवू की रंकाळा तलावावर फिरू?"

उतारवयात हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, वर्षाला साधारण १ ते २ टक्के आकसतो. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालणाऱ्या ज्येष्ठांचा तोच भाग वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला. कोड्यांनी शब्द पटकन सुचतात, पण सरावाचा फायदा बहुतेक त्याच कामापुरता. खर्च दोन्हीकडे किरकोळ. कष्ट चालण्यात जास्त. पण रंकाळ्यावर संध्यामठापाशी चार ओळखीचे भेटतात, बोलणं होतं.

गुडघे फारच दुखत असतील तर कोडं. पाय धड असतील तर मामी, रंकाळाच. ओळखीचा रस्ता चुकायला लागला, तर मात्र आधी डॉक्टर.