समुद्राचा पंधरवडा: वर्कशीट की कवड्या?

नियोजनाच्या वहीत ‘समुद्र’ असं लिहून झालं, की बालवर्गाच्या ताईपुढे खरा प्रश्न येतो: पंधरा दिवस मुलांच्या हातात द्यायचं काय? इंटरनेटवर समुद्राच्या वर्कशीटचे गठ्ठे मिळतात. शंख-शिंपले, कागदी मासे, पाण्याचा टब हेही डोक्यात असतंच. सगळं करायला वेळ नसतो आणि एका वर्गात अठ्ठावीस-तीस मुलं असतात. गेली काही वर्षं मी हे सगळे प्रकार आलटून-पालटून केले आहेत. तुम्ही यंदा निवड करणार असाल तर माझा अनुभव कामी येईल.

आधी किती शिकवायचं ते ठरवू, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षाच्या, अखेरीची अपेक्षा अगदी मोजकी आहे. मुलानं अक्षर आणि त्याचा आवाज ओळखावा, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचावेत, १० पर्यंतचे अंक वाचावेत, वस्तू किंवा घटना क्रमानं लावाव्यात. पन्नासपर्यंतच्या मोजणीची वर्कशीट म्हणूनच मी पहिल्यांदा बाजूला ठेवते.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. कोल्हापूरहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी तो पाहिलेला नसतो. शिवाजी पेठेतल्या एका मुलानं विचारलं होतं, “ताई, समुद्र रंकाळ्यापेक्षा मोठा असतोय?” मी म्हटलं, रंकाळा तलावाचा पलीकडचा काठ दिसतो, समुद्राचा दिसत नाही. तो बराच वेळ गप्प बसला. ज्याला समुद्र असा कल्पनेतच बघायचा आहे, त्याच्या हातात निदान समुद्रातली एखादी खरी वस्तू यावी असं मला तेव्हापासून वाटतं.

गणितासाठी

मोजणीचं वर्कशीट म्हणजे पाच मासे, सात शिंपले, शेजारी चौकट. सोय मोठी आहे. सगळी मुलं एकाच वेळी कामाला लागतात, पालकांना फाईलमध्ये पान दिसतं. पण तीस मुलं आणि दहा पानं म्हणजे तीनशे झेरॉक्स, आणि मूळ रंगीत पानाची काळी-पांढरी प्रत काढली की ऑक्टोपसचा डाग होतो, त्याचे आठ हात कुणाला मोजता येत नाहीत. चित्रंही नेहमी बरोबर नसतात. एका पानावरच्या खेकड्याकडे बघून एक मुलगी म्हणाली, “ह्येला पाय कमी हाईत.” तिच्या घरी पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे येतात. चालायचे आठ पाय आणि दोन नांग्या मिळून दहा, हे तिला पाठ होतं. चित्रात सहाच पाय काढले होते. मी ते पान सगळ्यांकडून परत घेतलं आणि त्या दिवशी तिलाच पुढं बसवून खेकडा फळ्यावर काढून घेतला.

याच्या शेजारी कवड्या ठेवून बघा. कवडी हा समुद्रातल्या गोगलगायीच्या जातीतल्या प्राण्याचा शंख. तो आपल्याकडे शेकडो वर्षं पोचतो आहे. जोगतिणींच्या गळ्यात, देवीच्या माळेत मुलांनी तो पाहिलेला असतो. अंबाबाईच्या देवळाबाहेर पूजासाहित्याच्या दुकानांत कवड्या मिळतात, त्यासाठी मालवणला जावं लागत नाही.

खेळ असा: पाच कवड्या ओंजळीत खुळखुळवून पाटावर टाकायच्या. काही दात दाखवत उताण्या पडतात, काही पालथ्या. मुलांनीच त्यांना ‘हसरी’ आणि ‘झोपलेली’ अशी नावं दिली. तीन हसऱ्या, दोन झोपलेल्या, मिळून पाच. पुन्हा टाकल्या तर एक आणि चार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका मुलानं फक्त हसऱ्या मोजल्या आणि झोपलेल्यांकडे न बघताच सांगितलं, “चार हसल्या, म्हणजे एकच झोपली.” बेरीज-वजाबाकी ही चिन्हं त्यानं अजून पाहिलेली नव्हती. आणि ज्या डावाला पाचही हसतात त्या डावाला ‘झोपलेल्या किती?’ या प्रश्नावर वर्ग ओरडतो, “एकबी न्हाई!” तिथं मी पाटीवर शून्य काढते. शून्य शिकवायला याहून चांगली वेळ मला आजवर सापडलेली नाही. छापील पानावर पाच मासे कायम पाचच राहतात, ते उलटत नाहीत.

गणितासाठी माझा कौल म्हणूनच निःसंशय कवड्यांना आहे. पाण्याच्या टबाचा खेळ मात्र जागा आणि मदतनीस मावशी असतील तरच घ्या. त्यातला एक प्रयोग वगळू नका: साध्या पाण्यात अंडं बुडतं, मग एकेक चमचा मीठ मोजत घालायचं, आणि कितव्या चमच्याला ते वर येतं ते बोटांवर धरायचं. मोजणीही होते आणि खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा वेगळं असतं हेही जिभेशिवाय कळतं.

वाचन-लेखनासाठी

इथं निवड जरा अवघड आहे, कारण माध्यमाप्रमाणे ती बदलते. बाहेरची बहुतेक वर्कशीट इंग्रजीसाठी केलेली. त्यात वॉलरस आणि सील येतात, बांगडा आणि सुरमई येत नाहीत. तुमची शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी पान नीट तपासा. ‘एस’ अक्षराखाली शेल, शार्क, शिप अशी चित्रं सर्रास असतात. त्यांचा पहिला आवाज ‘स’ नाही, ‘श’ आहे. आवाजावरून अक्षर शिकणाऱ्या मुलाचा तिथं हमखास गोंधळ उडतो. सन, सँड, सील चालतात.

मराठीत अडचण वेगळी. विषयाचं नावच जोडाक्षरी. समुद्र, शिंपला, ऑक्टोपस हे शब्द बोलायला ठेवा, वाचायला देऊ नका. वाचायला मासा, लाट, नाव, कासव, जहाज हे पाच शब्द बघा. म, स, ल, ट, न, व, क, ज, ह ही नऊ अक्षरं आणि एक काना, एवढ्यात पाचही शब्द वाचून होतात. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार आनंद झाला होता. पंधरवड्याचा सगळा वाचनपाठ त्यातच बसतो.

ही अक्षरं गिरवायला ठिपक्यांचं पान घ्यावं की धूळपाटी? मी धूळपाटी घेते. परातीत बारीक वाळू पसरायची, बोटानं ‘म’ काढायचा, परात हलवली की पाटी कोरी. चुकलं तर खोडरबर नाही आणि खोडल्याची खूणही नाही, त्यामुळे पेन्सिल धरायला घाबरणारी मुलंही पुढं येतात. पाच मुलांना एक परात पुरते. पान घेतलंच तर शेवटच्या आठवड्यात, हात वळल्यावर.

शब्द जुळवायला कागदी मासे आणि गळ. माशाच्या तोंडाला जेम क्लिप, काठीच्या दोऱ्याला लोहचुंबक, माशांवर ‘मा’, ‘सा’, ‘ला’, ‘ट’, ‘ना’, ‘व’. मुलांना हा खेळ सगळ्यात जास्त आवडतो आणि गोंधळही सगळ्यात जास्त याचाच होतो. पूर्ण वर्गाला एकदम बसवलं तर पंचवीस मुलं नुसती वाट बघतात. सहा जणांचा गट, बाकीचे धूळपाटीवर, असं केलं तरच जमतं.

गोष्टीसाठी कासव घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूनं झाकते आणि समुद्रात परत जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडून पाण्याकडे धावतात. चार चित्रकार्डं करून क्रम लावायला द्या, मग एकेकाला सांगायला लावा. याला पर्याय म्हणून मी काही सुचवणार नाही.

मग वर्कशीट अजिबात नको का? दोन घ्या. एक मोजणीचं, एक शब्द-चित्र जोडीचं, दोन्ही अखेरच्या दिवसांत, कुणाचं काय राहिलं ते बघायला. एकच ताई आणि चाळीस मुलं असतील तर चार घ्या, त्यात कमीपणा नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीसारख्या समुद्रकाठच्या गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि आसपास मिळणाऱ्या वस्तूंचीच साधनं केली, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी रोजच्या वर्गात ताईची दमछाक किती होते, हेही निवडीत धरायला हवं.

खरेदी करताना कवड्या अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठ्या बघा. लहान कवडी नाकात किंवा तोंडात जाते. तीन वर्षांच्या गटाला त्या देऊच नका, त्यांना मोठे शिंपले पुरे. सहलीला कोकणात गेलात तर रिकामे, साधे शिंपलेच उचला. काही शंखांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, त्यामुळे दुकानातला मोठा देखणा शंख वर्गासाठी नको.

माझ्याकडे साठ कवड्या आहेत. खेळ संपला की सहा वाट्या मांडते आणि प्रत्येकीत दहा भरायला सांगते. सहावी वाटी नऊवर थांबली, की सगळा वर्ग चटईखाली हात घालून दहावी शोधतो. ती सापडल्याशिवाय हात धुऊन जेवणाचा डबा उघडायला कधी मिळत नाही.