उजनीवर वाऱ्याच्या तोंडावर: फिनचं पायडल की पंख्याचं?

शिडाची कयाक (छोटी, अरुंद होडी) घ्यायचं नक्की झालंय, पण पायडल कुठलं घ्यावं यावर अडलंय, असं विचारणारे वर्षभरात तिघे-चौघे भेटले. मी दोन्ही वापरली आहेत. आधी दोन वर्षं पंख्याचं: सायकलसारखं गोल फिरवायचं, की तळाखालचा पंखा फिरतो. त्यानंतर तीन वर्षं फिनचं. त्यात पाय आळीपाळीने पुढे दाबायचे आणि तळाखाली दोन फिन पेंग्विनच्या पंखांसारख्या आडव्या हलतात. होबी या कयाक कंपनीने १९९७ मध्ये मिराज ड्राइव्ह (ड्राइव्ह म्हणजे पायडलाची सगळी यंत्रणा) आणला तोच हा प्रकार. माझं पाणी म्हणाल तर सोलापूरहून टेंभुर्णी गाठायची आणि उजनीच्या बॅकवॉटरला उतरायचं. समुद्रावर जाणाऱ्याचं मत कदाचित वेगळं पडेल.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. भीमा वायव्येकडून येते, त्यामुळे धरणाच्या बाजूने पळसदेव-भिगवणच्या दिशेला निघालं की वारा जवळजवळ नाकासमोर असतो आणि लाटांना वाढायला लांबच लांब मोकळं पाणी मिळतं. म्हणून निवड करताना मी वाऱ्याविरुद्धचीच वाट धरून बोलतोय.

थंडीतल्या सकाळी वारा असून नसल्यासारखा. पायडल मारलं की कयाक सरकते, तसा आपल्याला लागणारा वाराही पुढच्या बाजूला सरकतो, म्हणून शीड ओढून घ्यावं लागतं. नवखा माणूस इथे कयाकचं नाक फार वाऱ्यात घालतो आणि शीड फडफडायला लागतं. थोडं बाहेर धरून चालवावं. अशा वाऱ्यात दोन्ही पायडलं मला सारखीच वाटली. पंख्याची लय सलग असल्यामुळे तो पायांना थोडा जास्त सुखाचा, हेही सांगायला हवं.

खरा फरक मध्यम वाऱ्यात कळला. नुसत्या शिडावर माझी कयाक वाऱ्याच्या साठ अंशांच्या आत येत नाही, कडेला घसरत राहते. हलकं पायडल दिलं की पंचेचाळीसच्या आसपास येते. हे मोजलेलं नाही, समोरच्या काठावरच्या झाडांवरून धरलेला अंदाज आहे. टॅक घेताना, म्हणजे नागमोडी चढताना दिशा बदलायला, नाक वाऱ्यातून फिरत असतं तेव्हा चार पायडलं मारली की कयाक मधेच अडकत नाही. पायडलाचा सगळ्यात मोठा आधार मला तिथे वाटतो, आणि पंख्याने मला नेमका तिथेच दगा दिला.

उजनीत जलपर्णी आहे, खालून वर येणाऱ्या लांब पाणवेली आहेत, आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवर तरंगत ठेवलेली तंगूसची जाळी आहेत. ऑगस्टातल्या एका दिवशी टॅकच्या ऐन मध्यावर वेल पंख्याच्या दांड्याला गुंडाळली गेली आणि पायडल घट्ट बसलं. शीड सोडलं, ड्राइव्ह वर उचलला आणि ओले धागे एकेक करून काढत बसलो. तेवढ्यात कयाक आडवी होऊन मागे वाहायला लागली. अर्धा तास नागमोडी चढून कमावलेलं पाणी सात-आठ मिनिटांत गेलं. त्या दिवशी असं तीनदा झालं. वाऱ्याबरोबर जाताना वेल अडकली तर निदान वाहत घराकडेच जातो. वाऱ्याविरुद्ध मात्र प्रत्येक थांबा दुप्पट महागात पडतो.

पुढे एकदा एका भोईकाकांचं जाळं पंख्यात ओढलं गेलं आणि कापावं लागलं. भरपाई दिली, पण त्यांचा दिवस वाया गेला तो गेलाच. ते अजून मनातून जात नाही.

वेल फिनलाही अडकते. पण एक पायडल पूर्ण पुढे दाबलं की दोन्ही फिन तळाला चिकटतात आणि बहुतेक वेळा वेल घसरून जाते. शीड सोडावंच लागत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडालेल्या बाभळींच्या खुंटांवरूनही असंच निघता येतं. पायडलं बरोबरीत ठेवली तर फिन सरळ खाली उभ्या राहतात आणि कडेची घसरण थोडी कमी होते. अर्थात ती मधल्या उभ्या फळीची जागा घेत नाही, शीड लावणार असाल तर फळी हवीच. फिनची खोडही सांगतो: खडकावर आपटून माझ्या एका फिनची दांडी वाकली होती, तेव्हापासून जादा जोड बरोबर असतो.

वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. लाटांवर पांढरे तुरे दिसले की मी शीड डोलकाठीभोवती निम्मं गुंडाळतो आणि उरलेलं काम पायांवर टाकतो. त्याहून वाढला तर काठ धरतो. २१ मे २०२४ रोजी याच पाण्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. वळवाचं आभाळ दिसलं तर उतरू नका, आणि लाइफ जॅकेट अंगातच हवं, कयाकमध्ये ठेवलेलं नको.

मुख्यतः गळ टाकायला जाणार असाल तर पंख्याचा विचार जरूर करा. उलटं पायडल मारलं की कयाक लगेच मागे येते. माझ्या जुन्या फिन ड्राइव्हला ते जमत नाही, वल्हं काढावं लागतं. बाकीच्यांना मी एवढंच म्हणेन की पैसे देण्याआधी, जिथे उतरणार त्याच पाण्यात, जलपर्णी असतानाच, दोन्हींवर तासभर वाऱ्याविरुद्ध चढून बघा.