रास्पबेरी पाय ४ वर लिब्रेएलेक: आठ महिन्यांनंतर

हॉलमधल्या टीव्हीमागे रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर चिकटवून आठ महिने झाले. त्यावर लिब्रेएलेक, म्हणजे कोडी हा व्हिडिओ-गाणी लावायचा प्रोग्राम चालवण्यापुरतंच असलेलं लिनक्स. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं. चित्राबद्दल आजही तक्रार नाही. एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबलेली ४के फाइल लोण्यासारखी चालते, जुन्या एच.२६४ पद्धतीची मात्र १०८०पीपर्यंतच. ४के ६० हर्ट्झवर हवं असेल तर कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याची एक ओळ घालावी लागते, आणि केबल पॉवरच्या सॉकेटजवळच्या एचडीएमआय पोर्टलाच लावायची.

डोकेदुखी वेगळीच निघाली. आमच्याकडे झोपताना टीव्ही बोर्डावरूनच बंद करतात, पाय चालूच असतो. रात्री लाइट जाऊन आली की तो आपोआप सुरू होतो, समोर टीव्ही बंद. सकाळी आई अभंग लावायला जाते तर पडद्यावर 'नो सिग्नल'. मग ती पायची वायर उपटणार, दहा आकडे मोजणार, परत लावणार. इकडे अशाने मेमरी कार्ड बिघडेल या काळजीने माझा जीव खालीवर.

कारण असं: आपल्याला कोणतं रिझोल्यूशन आणि कोणता ऑडिओ चालतो, हे टीव्ही एडिड नावाच्या छोट्या तक्त्यातून सांगतो. बूट होताना तो मिळाला नाही की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, समजतं, समोर कुणी नाहीच. मी आधी 'फोर्स हॉटप्लग', ग्रुप, मोड असल्या, टीव्ही आहेच असं धरायला लावणाऱ्या जुन्या ओळी कॉन्फिगमध्ये कोंबल्या. ढिम्म फरक नाही. दोन रविवार घालवल्यावर उलगडा झाला: लिब्रेएलेक १० पासून डिस्प्ले केएमएस नावाचा कर्नलमधला ड्रायव्हर सांभाळतो, आणि तो त्या ओळींना विचारतही नाही.

उपाय अगदी छोटा होता. टीव्ही चालू ठेवून एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कमधून, पायच्या आत जायचं, 'गेटएडिड क्रिएट' ही कमांड चालवायची, रीबूट. टीव्हीचा तक्ता फाइलमध्ये साठतो आणि सीएमडीलाइन या, बूट होताना कर्नलला द्यायच्या सूचनांच्या फाइलमध्ये त्याचा पत्ता जोडला जातो. मग टीव्ही बंद असला तरी पायच्या लेखी तो हजर. टीव्ही बदललात तर 'गेटएडिड डिलीट' करून नव्याने साठवा.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सीएमडीलाइनमधली लांबलचक ओळ बघवेना, म्हणून बूट पार्टिशन लिहिण्यायोग्य करून मी मध्येच एंटर मारला. ती फाइल एकाच ओळीत लागते, पुढचं वाचलंच जात नाही. मशीन उठेना. नशीब, ते पार्टिशन फॅट, म्हणजे विंडोजलाही वाचता येणारं, असतं: कार्ड विंडोज लॅपटॉपमध्ये घातलं, एंटर काढला, पाच मिनिटांत कोडी परत.

ओटीटीसाठी हे घेऊ नका. वाइडवाइन एल१, म्हणजे ओटीटीवाल्यांना लागणारं कॉपी-संरक्षण, नसल्याने एचडीची बोंब असते.

बाबांना जुन्या सेट-टॉप बॉक्सचाच रिमोट हवा होता. बुधवार पेठेत दुकानदाराने टीएसओपी१७३८ हा रिमोटचा सिग्नल पकडणारा सेन्सर पुढे केला, पण तो ५ व्होल्टचा आणि पायच्या पिना ३.३ च्या. टीएसओपी३८२३८ मागून घेतला, तो पायच्या पिनेवर चालू करणारी जीपीआयओ-आयआरची ओळ कॉन्फिगमध्ये घातली आणि एकेक बटण दाबत कोड टिपले. बाबा शेजारी बसून सांगत होते, "हे आवाजाचं, हे मागे जायचं." पिवळं बटण अजून रिकामं आहे. ते बातम्यांना लाव म्हणून मागे लागलेत.