पॉली नको, साधी फायबरच द्या: दांडिया बाजारातला माझा नवा चष्मा

बडोद्यात दांडिया बाजारात चष्मा करायला गेलात की काउंटरवरचा मुलगा आधी 'पॉली', म्हणजे पॉलीकार्बोनेटची लेन्स, पुढे करतो. फुटत नाही, पातळ बसते. खरंच आहे, नातवाला मी तीच घेतली. पण माझा नंबर उणे साडेपाच आणि दिवसभर वाचन. मी साधी फायबर मागितली, म्हणजे सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकची लेन्स. पॉलीचा अ‍ॅबे अंक ३० च्या आसपास, हिचा ५८. अंक जितका कमी, तितकी कडेच्या अक्षरांना रंगीत झालर जास्त.

शिवाय या प्लास्टिकवर माझा जुना जीव, भौतिकशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली ना! १९८५ मध्ये चॅलेंजर यान सात अंतराळवीर आणि स्पेसलॅब-३ ही प्रयोगशाळा घेऊन गेलं, त्यात टीआयएफआरच्या (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) सुकुमार बिस्वास यांचा, अवकाशातून येणारे वैश्विक किरणांचे कण टिपणारा 'अनुराधा' प्रयोग होता. कण टिपणारं उपकरण कसलं, तर सीआर-३९ च्या पातळ चकत्यांची चवड. (ती खास बनवलेली, पण जात हीच.) लोहासारखं जड अणुकेंद्र आत घुसलं की वाटेतले रेणू तुटतात. मग गरम कॉस्टिक सोड्यात ठेवलं की ती वाट भराभर झिजते आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंकूसारखा खड्डा दिसतो. खड्ड्याचं माप आणि कणाने गाठलेली खोली यांवरून केंद्र कोणतं ते ठरतं. खरी करामत पुढेच: एक चवड स्थिर, दुसरी सावकाश फिरती. खूण किती सरकली त्यावरून कण केव्हा आला ते कळतं, म्हणजे तेव्हा यान कुठे होतं तेही. तिथलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओलांडून आला, तर त्याच्या अंगावर किती इलेक्ट्रॉन उरले असतील याचा अंदाज बांधता येतो.

पॉलीचीही कीर्ती आहे हो. अपोलो ८ आणि १२ च्या वीरांची शिरस्त्राणं पॉलीकार्बोनेटची होती, त्यांतही जड कणांचे माग सापडले. पण सीआर-३९ तिच्यापेक्षा हळवी, कमी मार बसला तरी नोंद ठेवते.

हे ऐकून मुलगा म्हणाला, "काका, मग ब्लू कट टाकू का?"

काम मात्र चोख. पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) दोनदा मोजली, चष्मा सांगितल्या वेळी दिला. काचेच्या मानाने वजन जवळजवळ निम्मं, नाकावर वळ नाही. कड जाड दिसते, म्हणून फ्रेम लहानच निवडा. अँटिग्लेअरचे पैसे वेगळे; ते आणि १.५० इंडेक्स (लेन्सचा अपवर्तनांक), दोन्ही बिलावर लिहून घ्या.